यीस्ट काय खाते, काय देते आणि ते कोण ठरवते?

पाव, बिअर, वाइन आणि मळीपासून तयार होणारे अल्कोहोल या सर्वांच्या मागे यीस्ट हा सूक्ष्मजीव आहे, हे बहुतेक शेतकरी बंधूंना ठाऊक आहे. कोकणात आणि गोव्यात ज्यांच्या बागेत माड आहेत त्यांना तर ते वेगळे सांगण्याची गरज नाही. पहाटे उतरवलेली गोड नीरा ऊन चढेपर्यंत फसफसू लागते आणि तिची माडी होते. गोव्यातील जुने पोदेर याच माडीने, म्हणजे सुरीने, पावाचे पीठ फुगवीत असत.

गेल्या चाळीस वर्षांत मात्र या जीवाकडून माणसाने पुष्कळ वेगळी कामे करून घेतली आहेत. काविळीवरील लस, मधुमेहींसाठी इन्सुलिन, हिवतापावरील औषधाचा कच्चा माल, स्टेव्हियाच्या पानातील गोडी अशा वस्तू आज यीस्टच्या टाक्यांतून निघतात. भाताच्या पेंढ्यापासून इंधन तयार करण्याचा उद्योगही यीस्टवरच उभा आहे. यांपैकी काही गोष्टींमुळे शेतातील टाकाऊ मालाला किंमत येऊ शकते, तर काही गोष्टी शेतकऱ्याच्या पिकाशी सरळ स्पर्धा करतात. म्हणूनच यीस्टची पेशी आतून कशी चालते, हे बागायतदारांनी थोडे समजून घेणे उपयुक्त ठरेल. त्यासाठी रसायनशास्त्र शिकलेले असण्याची आवश्यकता नाही.

एक पेशी, दोन तऱ्हेचा संसार

यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. आपल्या नेहमीच्या कामातील जातीचे शास्त्रीय नाव सॅकरोमायसिस सेरेव्हिसिई असे आहे. पेशीचा आकार एका मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाइतका असतो. बेकरीत वापरतात त्या ताज्या यीस्टच्या एका ग्रॅममध्ये सुमारे एक हजार कोटी पेशी मावतात. चांगले खाद्य आणि ३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान मिळाले तर पेशीला कळी फुटून दीड तासात एकीच्या दोन होतात.

साखर मिळाल्यावर यीस्टला दोन मार्ग खुले असतात. हवा असेल तर ते साखर पूर्णपणे जाळून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करू शकते. हे श्वसन होय. यात ऊर्जा भरपूर मिळते आणि पेशींची वाढ जोरात होते. दुसरा मार्ग किण्वनाचा, म्हणजे आंबवण्याचा. त्यात साखर अर्धवटच मोडली जाते आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड होतात. हिशेब ठरलेला आहे. १०० किलो ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ५१ किलो अल्कोहोल मिळते आणि ४९ किलो कार्बन डायऑक्साइड वायू उडून जातो. किण्वनात ऊर्जा फार थोडी मिळते, म्हणून तेवढ्याच ऊर्जेसाठी यीस्टला कितीतरी जास्त साखर संपवावी लागते.

ही गोष्ट प्रथम उलगडली ती फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी, आणि तीही शेतमालाच्याच कारणाने. सन १८५६ मध्ये लिल गावातील बीटाच्या रसापासून अल्कोहोल काढणाऱ्या एका कारखानदाराच्या टाक्या वारंवार बिघडत होत्या. पाश्चर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा चांगल्या टाकीत गोल यीस्टपेशी दिसल्या. बिघडलेल्या टाकीत मात्र बारीक काड्यांसारखे दुसरेच जंतू होते आणि अल्कोहोलऐवजी लॅक्टिक आम्ल तयार होत होते. आपल्याकडील डिस्टिलरीत आजही अल्कोहोलचा उतारा घटला की प्रथम संशय घ्यावा लागतो तो याच लॅक्टिक जंतूंचा. पुढे पाश्चर यांनीच दाखवून दिले की हवा खेळवली तर यीस्ट कमी साखरेत जास्त वाढते आणि अल्कोहोल कमी देते.

यात एक मेख आहे. साखर फार झाली तर भरपूर हवा असूनही आपले हे यीस्ट अल्कोहोलच करीत बसते. वरवर पाहता ही उधळपट्टी वाटते, परंतु त्यात धोरण आहे. पिकलेल्या फळाच्या रसावर अनेक जंतू टपलेले असतात. यीस्ट घाईने साखर संपवते, अल्कोहोलने इतरांना हटवते आणि साखर संपल्यावर हवा मिळाली तर तेच अल्कोहोल सावकाश खाऊन टाकते. अल्कोहोल तयार करताना एक जनुक मुख्य काम करते आणि ते परत खाताना त्याचाच दुसरा भाऊ कामाला लागतो.

याचा व्यवहारातील पुरावा पाहायचा तर मळीचे, म्हणजे मोलॅसिसचे, दोन कारखाने शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. डिस्टिलरीत मळी पाण्याने पातळ करून एकदम टाकीत घेतात आणि हवा बंद ठेवतात, त्यामुळे अल्कोहोल मिळते. बेकरीचे यीस्ट तयार करणाऱ्या कारखान्यात तीच मळी थोडी थोडी सोडतात आणि खालून सतत हवा फुंकतात. साखर कधी साचूच देत नाहीत, त्यामुळे अल्कोहोल न होता यीस्टच वाढते. कच्चा माल तोच आणि जीवही तोच असून केवळ वाढणी बदलली की पदार्थ बदलतो.

गाड्या रिकाम्या झाल्या पाहिजेत

पुढचा सारा विषय ज्या एका गोष्टीवर अवलंबून आहे, ती येथे सांगितली पाहिजे. साखर मोडताना तिच्यातील हायड्रोजन वेगळा काढला जातो आणि पेशीतील एका वाहक द्रव्यावर लादला जातो. हे वाहक पेशीत मोजकेच असतात. हंगामात कारखान्याच्या गव्हाणीपुढे उसाच्या गाड्या तुंबल्या की रानातील तोडणी थांबते. ऊस उभा असतो, मजूरही असतात, पण रिकामी गाडी परत आलेली नसते. पेशीतही तसेच घडते. वाहक रिकामा होऊन परतला नाही, तर पुढची साखर मोडता येत नाही.

श्वसन चालू असताना हे वाहक हवेतील ऑक्सिजनवर रिकामे होतात. हवा नसेल तर यीस्ट साखरेच्याच अर्धवट मोडलेल्या तुकड्यावर तो हायड्रोजन उतरवते आणि त्या तुकड्याचे अल्कोहोल होते. थोडक्यात, यीस्ट अल्कोहोल करते ते गाड्या रिकाम्या करण्यासाठी. गाड्या तरीही उरल्या तर ग्लिसरीन तयार होते. चांगल्या किण्वनातही शंभरातील चार-पाच भाग साखर या ग्लिसरीनमध्ये जाते, तेव्हा उतारा ५१ पर्यंत का पोचत नाही याचे एक कारण येथे सापडते. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीची टंचाई झाली आणि स्फोटकांसाठी ग्लिसरीन मिळेना, तेव्हा कार्ल न्यूबर्ग या शास्त्रज्ञाने याचाच उपयोग केला. टाकीत सल्फाइट घातल्याने अल्कोहोलचा रस्ता अडला आणि यीस्टला नाइलाजाने ग्लिसरीन करावे लागले.

नाशिक-सांगलीकडील वाइनसाठी द्राक्षे देणाऱ्या बागायतदारांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. यीस्टला साखरेबरोबर नत्रही लागते. एका लिटर रसात यीस्टला घेता येईल असे नत्र साधारण १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर किण्वन मध्येच रखडते आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. यीस्ट रसातील सल्फेटपासून गंधकयुक्त ॲमिनो आम्ले तयार करीत असते. नत्र संपले की हे काम अर्ध्यावर राहते आणि गंधकाचा दुर्गंधी वायू बाहेर पडतो. त्यावर वाइनरीत डायअमोनियम फॉस्फेट मोजून घालतात. अर्थात ते खाद्य दर्जाचे असते, आपल्या गोणीतले नव्हे. द्राक्षाच्या साखरेबरोबर रसातील नत्रही तपासून घेणारा खरेदीदार भेटला, तर तो उगाच खोड काढतो असे समजू नये.

सोळा गुणसूत्रे, सहा हजार जनुके

पेशीतील प्रत्येक पायरीवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, काम करते आणि प्रत्येक विकराची कृती एखाद्या जनुकात लिहिलेली असते. जर्मनीतील एडुआर्ड बुखनर यांनी १८९७ मध्ये यीस्ट वाळूबरोबर खलून त्याचा रस काढला आणि जिवंत पेशी नसतानाही त्या रसाने साखरेचे अल्कोहोल होते, हे दाखवले. विकरांच्या अभ्यासाचा पाया तेथे घातला गेला. त्याबद्दल त्यांना १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

यीस्टमध्येही नर-मादीसारखे दोन प्रकार असतात. त्यांना ए आणि अल्फा म्हणतात. दोन्हींचा संयोग झाला की गुणसूत्रांचे दुहेरी संच असलेली पेशी तयार होते आणि उपासमार झाली की तिच्यातून पुन्हा एकेरी संचाचे चार बीजाणू निघतात. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ओयविंद विंगे यांनी १९३५ मध्ये हे जीवनचक्र स्पष्ट केले. ज्वारी-बाजरीत संकर करावा तसा यीस्टमध्येही करता येतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. फरक इतकाच की ज्वारीची पुढची पिढी पाहण्यास एक हंगाम लागतो, तर येथे काही दिवस पुरतात. शिवाय एकेरी संचाच्या पेशीत एखादे जनुक बिघडले की त्याचा परिणाम झाकला जात नाही, लगेच दिसतो.

सन १९७८ मध्ये यीस्टमध्ये बाहेरून जनुक घालण्याची रीत सापडली. या जीवाचा एक मोठा गुण असा की बाहेरचा डीएनए तो वाटेल तेथे न चिकटवता, दोन्ही टोके जुळतील त्याच जागी बसवतो. त्यामुळे हवे ते जनुक काढणे, बदलणे किंवा नवे रोवणे बिनचूक होते. सन १९९६ मध्ये सुमारे सहाशे शास्त्रज्ञांनी मिळून यीस्टचा संपूर्ण जनुकसंच वाचून काढला. केंद्रक असलेल्या जीवांत हा मान यीस्टला सर्वांत आधी मिळाला. त्यात १६ गुणसूत्रे, सुमारे १ कोटी २० लाख अक्षरे आणि सहा हजारांच्या आसपास जनुके आढळली. पुढे एकेक जनुक काढून टाकलेले यीस्टचे वाण तयार करण्यात आले. चांगले खाद्य असेल तर यांतील एक हजारांच्या आसपास जनुकेच जगण्यासाठी अत्यावश्यक असतात, असे त्यावरून दिसून आले.

माणसाच्या रोगांच्या संशोधनातही यीस्ट इतके वापरतात याचे कारण नात्यात आहे. अमेरिकेत २०१५ मध्ये यीस्टची ४१४ अत्यावश्यक जनुके एकेक करून काढून त्या जागी माणसाचे तत्सम जनुक घालून पाहिले, तेव्हा जवळजवळ निम्म्या ठिकाणी यीस्ट सुखाने जगले. पेशी केव्हा विभागते याचे नियम लेलँड हार्टवेल यांना यीस्टमध्ये सापडले आणि २००१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. पेशी स्वतःचे जुने भाग मोडून पुन्हा कसे वापरते, हे जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्येच शोधले. त्यांना २०१६ चे नोबेल मिळाले. कर्करोगाच्या अभ्यासाची सुरुवात पावाच्या खमिरापासून व्हावी, ही गंमतच आहे.

कोणती साखर चालते?

आता शेतकऱ्याच्या मुद्द्याकडे येऊ. यीस्टला सगळीच साखर खाता येत नाही. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज त्याला थेट चालतात. उसाची साखर जोडशर्करा आहे. ती फोडण्यासाठी यीस्ट इन्व्हर्टेज नावाचे विकर पेशीच्या बाहेर सोडते. गुऱ्हाळावर काढलेला रस काहिलीत पडण्यास उशीर झाला की गूळ चिकट होतो आणि ढेप नीट बसत नाही, त्याचे कारण हेच. उसाचे स्वतःचे आणि रसात शिरलेल्या जंतूंचे इन्व्हर्टेज तोवर साखर फोडू लागलेले असते.

पिठूळ पदार्थ मात्र यीस्टला पचत नाहीत. मका, ज्वारी किंवा तुकडा तांदळापासून अल्कोहोल करताना आधी वेगळी विकरे घालून पिष्टाची साखर करून घ्यावी लागते. दुधातील साखरही या जातीला चालत नाही. त्यासाठी क्लुव्हेरोमायसिस ही दुसरी जात वापरावी लागते आणि पनीर-चीजच्या निवळीपासून अल्कोहोल करणारे कारखाने तिच्यावरच चालतात.

खरी अडचण येते ती काडीकचऱ्यात. बगॅस, भाताचा पेंढा, मक्याची ताटे, कपाशीच्या पऱ्हाट्या यांत साखर मुबलक असते, पण ती धाग्यांत बांधलेली असते. बगॅसमध्ये साधारण ४० टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असते. ते फोडले की ग्लुकोज मिळते, येथवर ठीक. परंतु आणखी पाव हिस्सा हेमिसेल्युलोज असते आणि त्यातून मुख्यतः झायलोज नावाची पाच कार्बनची साखर निघते. आपले यीस्ट झायलोजने भरलेल्या टाकीत अक्षरशः उपाशी राहते. गाडीभर मालातील एवढा हिस्सा वाया गेला तर कारखाना काय कमावणार आणि शेतकऱ्याला टनामागे काय देणार?

हत्तीच्या लिदीतील बुरशी

झायलोज खाणारी यीस्टची एक रानटी जात निसर्गात आहे. तिची दोन जनुके आपल्या यीस्टमध्ये घालण्याचे प्रयत्न १९९० च्या दशकात झाले. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात नॅन्सी हो यांनी असे वाण तयार केले आणि ते कामही करू लागले. पण येथे वर सांगितलेल्या गाड्यांचा प्रश्न आडवा आला. पहिली पायरी एका प्रकारच्या गाड्या रिकाम्या करते आणि दुसरी पायरी वेगळ्याच प्रकारच्या गाड्या भरते. म्हणजे एका बाजूला बैलगाड्या मोकळ्या उभ्या आणि दुसरीकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून तुंबलेल्या, अशी स्थिती होते. एकीची उणीव दुसरीने भरून काढता येत नाही. परिणामी झायलोजचे काम अर्ध्यावर थांबून झायलिटॉल साचत असे.

तोडगा सापडला तो नेदरलँडमध्ये, भारतीय हत्तीच्या लिदीतून वेगळ्या केलेल्या पायरोमायसिस नावाच्या बुरशीत. ही बुरशी हत्तीच्या आतड्यात हवेविना राहते आणि चाऱ्यातील धागे फोडते. तिच्याजवळील एक विकर झायलोजचे रूपांतर एकाच पायरीत, कोणतीही गाडी न भरता आणि न रिकामी करता करते. डेल्फ्ट येथील शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये ते जनुक यीस्टमध्ये घालून दाखवले.

एवढ्याने भागले मात्र नाही. पुढचा रस्ता अरुंद होता. तो रुंद करण्यासाठी यीस्टची स्वतःची पाच जनुके जास्त जोराने चालवावी लागली आणि झायलिटॉलकडे नेणारे एक जनुक काढून टाकावे लागले. तेव्हा कोठे २००५ च्या सुमारास हवेविना झायलोज आंबवणारे दमदार यीस्ट हाती आले. एक जनुक घातले की काम फत्ते, अशा थाटात जैवतंत्रज्ञानाच्या बातम्या येतात. त्या वाचताना हे उदाहरण आठवावे.

पेंढ्याची किंमत

यीस्ट सुधारले तरी इतर अडचणी उरतात. धागा मोकळा करण्यासाठी माल आम्लात व वाफेत शिजवावा लागतो. त्यात तयार होणारी ॲसेटिक आम्ल व फरफुरालसारखी द्रव्ये यीस्टला बाधतात. साखर सोडवणाऱ्या विकरांचा खर्चही मोठा असतो. हरियाणात पानिपत येथे इंडियन ऑइलने भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढण्याचा प्रकल्प उभारला असून त्याचे उद्घाटन ऑगस्ट २०२२ मध्ये झाले. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे. वर्षाला २ लाख टन पेंढा आणि त्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल, असे त्याचे नियोजन सांगितले गेले. म्हणजे टनामागे १५० लिटर. तुलनेसाठी, साखर काढून घेतल्यानंतर उरलेल्या शेवटच्या मळीच्या एका टनापासून सुमारे २२० ते २३० लिटर अल्कोहोल मिळते, तेही शिजवण्याचा आणि विकरांचा खर्च न करता. पेंढ्याला मळीचा भाव का मिळत नाही, हे या दोन आकड्यांत दिसते.

आपल्याकडे या प्रकल्पांची चर्चा निघाली की उसाच्या पाचटाचा विषय हमखास येतो. पाचटाबाबत आमचे मत स्पष्ट आहे. ते रानातच कुजवावे. ते जमिनीचा ओलावा राखते, सेंद्रिय कर्ब वाढवते, आणि टनामागे मिळणाऱ्या थोड्या रकमेत त्याची भरपाई होत नाही. पऱ्हाट्या, तुराट्या यांचे तसे नाही. त्या अनेक ठिकाणी बांधावर पेटवून दिल्या जातात, शिवाय पऱ्हाट्या शेतात राहिल्या तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. असा माल गोळा करून घेणारा कोणी भेटला तर अवश्य द्यावा. मात्र गोळा करणे, बांधणे आणि वाहतूक कोणाच्या खर्चाने, ते आधी ठरवून घ्यावे.

परक्या जनुकांचे काम

वेगळी साखर खायला शिकवणे हा एक भाग झाला. वेगळा पदार्थ द्यायला शिकवणे हा दुसरा. हेपॅटायटिस-बी काविळीची लस पूर्वी रोग्यांच्या रक्तातून काढीत. विषाणूच्या आवरणाचे जनुक यीस्टमध्ये घालून तयार केलेली लस अमेरिकेत १९८६ मध्ये मंजूर झाली. भारतात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये पिचिया या यीस्टवर तयार केलेली लस बाजारात आणली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने त्यासाठी हॅन्सेनुला हे यीस्ट वापरले. पूर्वी डुकरांच्या व गुरांच्या स्वादुपिंडातून मिळणारे इन्सुलिनही १९८७ पासून यीस्टकडून करून घेण्यात येऊ लागले. या वस्तू शेतातून येत नव्हत्या, त्यामुळे शेतकऱ्याचे काही गेले नाही.

पाल्यातले औषध टाकीत

हिवतापावरील आर्टेमिसिनिनची गोष्ट वेगळी आहे. आर्टेमिसिया ॲनुआ या वनस्पतीच्या पानांत ते असते. चीन, व्हिएतनाम आणि पूर्व आफ्रिकेतील हजारो छोटे शेतकरी ही वनस्पती लावतात. आपल्याकडे लखनौच्या सीमॅप संस्थेने तिचे वाण तयार केले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाची शिफारस केल्यावर २००५ च्या सुमारास त्याचा भाव किलोला हजार डॉलरच्या वर गेला. जो तो लागवड करू लागला आणि दोनच वर्षांत भाव दोनशे डॉलरच्या आसपास कोसळला. कांद्याच्या शेतकऱ्याला ही कहाणी नवी नाही.

ही चढ-उतार टाळावी म्हणून अमेरिकेतील बर्कली येथे जे कीसलिंग यांच्या गटाने यीस्टकडे हे काम सोपवले. गेट्स फाउंडेशनने त्यासाठी सुमारे सव्वाचार कोटी डॉलर दिले. यीस्ट आपल्या पेशीच्या आवरणासाठी अर्गोस्टेरॉल नावाचा मेणचट पदार्थ तयार करते. त्याच्या वाटेवरील एक मधला पदार्थ आणि आर्टेमिसियाच्या पानातील वाटेचा आरंभ एकच आहे. शास्त्रज्ञांनी अर्गोस्टेरॉलचा पाट बारीक केला आणि वनस्पतीची जनुके घालून नवा पाट काढला. पाणी इकडे वळले. सन २००६ मध्ये एका लिटरमागे सुमारे १०० मिलिग्रॅम आर्टेमिसिनिक आम्ल मिळाले आणि २०१३ मध्ये २५ ग्रॅम. शेवटची पायरी रासायनिक पद्धतीने पूर्ण करतात.

सनोफी या फ्रेंच कंपनीने २०१३ मध्ये इटलीत कारखाना सुरू केला. शेतकऱ्यांचे पीक आता संपले, असे तेव्हा अनेकांना वाटले. घडले उलटेच. कारखान्याचा ना-नफा-ना-तोटा भाव किलोला ३५० ते ४०० डॉलर होता, तर पिकापासूनचा माल २५० डॉलरच्या खाली मिळू लागला. सन २०१५ मध्ये कारखान्याने काहीच उत्पादन केले नाही आणि पुढे तो बल्गेरियातील एका कंपनीला विकला गेला. शेतकरी टिकले, पण स्वस्त भावात. यात त्यांचा विजय झाला असे म्हणणे फसवे ठरेल.

स्टेव्हियाच्या बाबतीत यीस्ट वरचढ ठरण्याची चिन्हे अधिक आहेत. पानातील सर्वांत चांगल्या चवीचा घटक, रेबॉडिओसाइड-एम, पानात अत्यल्प असतो. तो पानातून काढण्यापेक्षा यीस्टकडून करून घेणे परवडते. कारगिल व डीएसएम या कंपन्यांनी २०१९ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात त्याचा मोठा कारखाना सुरू केला. नेब्रास्का हे मक्याचे राज्य आहे, हे लक्षात घ्यावे. यीस्टला साखर लागतेच. म्हणजे स्टेव्हिया लावणाऱ्याच्या हातून गेलेला धंदा काही प्रमाणात मका पिकवणाऱ्याकडे गेला.

प्रत्येक वनस्पतीचे असेच होईल, असे मात्र नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१५ मध्ये वीसहून अधिक परकी जनुके घालून यीस्टकडून अफूवर्गीय वेदनाशामक तयार करण्यात आले. परंतु एका मात्रेसाठी सोळा हजार लिटरहून अधिक यीस्टद्रव लागला असता. मंदसौर-नीमचच्या परवानाधारक शेतकऱ्यांना त्यापासून तूर्त धोका नव्हता.

करार करण्यापूर्वी

औषधी व सुगंधी वनस्पतींच्या करारशेतीची पत्रके गावोगाव येतात. सही करण्यापूर्वी त्या पिकातून नेमके काय विकले जाणार आहे, हे विचारावे. एकच शुद्ध रसायन विकले जाणार असेल, ते महाग असेल आणि पानात थोडे असेल, तर यीस्टची टाकी हा त्याचा भावी प्रतिस्पर्धी समजावा. शेकडो घटकांचे मिश्रण असलेले सुगंधी तेल किंवा जसाच्या तसा वापरला जाणारा पाला-मुळ्या यांची नक्कल करणे अधिक अवघड आहे. तरी पॅचौली तेलाच्या जागी वापरता येणारा यीस्टचा माल २०१४ पासून सुगंध उद्योगात आला आहे. तेव्हा तेलाचे पीक म्हणून अगदीच निर्धास्त राहू नये.

कराराची मुदत आणि पिकाचे आयुष्य यांचा मेळही पाहावा. स्टेव्हियासारखे पीक एकदा लावले की तीन-चार वर्षे रानात राहते आणि रोपांचा बहुतेक खर्च पहिल्याच वर्षी होतो. खरेदीची हमी एकाच वर्षाची असेल, तर उरलेल्या वर्षांचा माल कोण व कोणत्या भावाने घेणार, हे लागवडीपूर्वीच लेखी घ्यावे.